खांद्यामागून

शहरात खाण्याच्या नावाजलेल्या जागा पुष्कळ होत्या. एका ठिकाणी लोक मासळीसाठी जात, दुसऱ्या ठिकाणी बड्या मंडळींच्या शेजारचे टेबल मिळावे म्हणून. स्थानकासमोरच्या या जुन्या हॉटेलात मात्र लोक बोलणी खायला येत.

तशी पाटी अर्थातच बाहेर नव्हती. बाहेर असे ती रांग. आत लांबट दालन, उंच छत, भिंतींवर पिवळट पडत चाललेले आरसे आणि पुसून पुसून कडा बोथट झालेली संगमरवरी टेबले. मेनूकार्ड छापायची रीत नव्हती. कुणी ते मागितलेच, तर खांद्यामागून आवाज येई, "वाचायला आलात? वाचनालय पलीकडच्या गल्लीत. इथे जेवतात." आजूबाजूची टेबले खदखदत. मागणाऱ्याचे कान लाल होत आणि सर्वांत मोठ्याने तोच हसे. पुढे महिनाभर तो ही गोष्ट चारचौघांत तिखटमीठ लावून सांगे. 'तू आता इथला झालास' असे या शहरात नवख्याला कुणी सांगत नसे. त्याला एकदा इथे आणून बसवत.

तो आवाज ज्याचा होता, त्या वेटरला सारे जहाल म्हणत.

घरी या जहालच्या तोंडून कठोर शब्द म्हणून निघत नसे. भाजीवाल्याने नासका टोमॅटो पिशवीत सारला तरी हा मुकाट घेऊन येई. "तिकडे सगळं तिखट सांडून यायचं आणि आमच्या वाट्याला हे अळणी!" असे म्हणत बायको पिशवी उचलून स्वतः भांडायला जाई. तिचे खरेच होते. त्याचे बोलणे त्याच्या स्वभावातून आलेले नव्हते. एखाद्याच्या हाताला शिवणकाम बसावे तशी ती त्याला बसलेली कला होती. हॉटेलातल्या म्हाताऱ्या हेडवेटरने, तो गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात, ती त्याच्या हवाली केली होती. "समोर उभं राहून बोललास की भांडण होतं," म्हातारा म्हणायचा. "खांद्यामागून बोललास की गंमत होते. बोलायचं आणि पुढे सरकायचं. गिऱ्हाइकाचं तोंड आपण बघायचं नाही. ते बघायला बाकीचं दालन बसलेलं असतं."

जहालने हे तंतोतंत पाळले. त्यामुळे त्याला माणसे पाठीकडून ओळखू येत. कुणाची मान ताठ आहे, कुणाची कॉलर आतून विरली आहे, कुणी खुर्चीच्या टोकावर बसते, हे त्याला ठाऊक असे. चेहरे त्याला फक्त आरशांतून दिसत, पिवळसर आणि जरा लांबचे, कधीकाळी भेटलेल्या माणसांसारखे.

त्या दुपारी एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. तिला शहरात नुकतीच नोकरी लागली होती आणि वडील गावाहून पहिल्यांदाच तिच्याकडे राहायला आले होते. वडिलांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, मनगटावरच्या गुंड्यांसकट बंद केलेला.

"बाबा, ते काही बोलले तरी मनावर घ्यायचं नाही हं. ती इथली पद्धतच आहे."

"अगं, शाळेत पोरांना बोलण्यात माझी सगळी नोकरी सरली. आता माझी पाळी." मग थोडे पुढे झुकून, "मला काय म्हणतील गं?"

बक्षीससमारंभाला पहिल्या रांगेत बसवलेल्या मुलाचा उत्साह त्या प्रश्नात होता. मागून जाणाऱ्या जहालच्या कानावर तो पडला आणि त्याला बरे वाटले. अशी गिऱ्हाइके त्याला आवडत.

"आज चांगलं काय आहे?" मुलीने विचारले.

"चांगलं सगळं संपलं. वाईट उरलंय, तेच आणतो."

वडील इतके मनापासून हसले की शेजारच्या टेबलानेही मागे वळून पाहिले. "बघ, बघ," ते मुलीला म्हणाले, "सुरुवात झाली."

जहालने दोघांपुढे सूप ठेवले आणि तो पुढच्या टेबलांकडे वळला. परत येताना त्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत ताटे रचलेली होती. वडिलांच्या खांद्यावरून त्याला खालचे टेबल दिसले, एवढेच दिसले: ताटलीभोवती सुपाचे लाल थेंब, आणि त्यांची एक वाकडी वाट काठापर्यंत गेलेली.

"काका, टेबलाला भरवताय का? त्याचं जेवण झालंय मघाशीच."

दालन हशाने फुटले. खिडकीकडच्या मंडळींना ऐकू आले नव्हते, त्यांना कुणीतरी ते पुन्हा सांगितले आणि हसण्याची दुसरी लाट तिकडून उलटी आली. गल्ल्यावर बसलेल्या मालकीणबाईंनीही चष्मा काढून डोळे टिपले. जहाल शिरस्त्याप्रमाणे पुढे सरकला. आणि समोरच्या आरशात त्याला तो हात दिसला.

चमचा धरलेला उजवा हात. तो थरथरत होता; हसणे ओसरू लागले तसा ताटलीच्या काठावरचा चमच्याचा बारीक किणकिणाट ऐकू येऊ लागला. मग डाव्या हाताने येऊन त्याचे मनगट धरले, चमचा सोडवला, आणि नापास झालेला पेपर एखादे पोर बाकाखाली सरकवते तसा तो हात टेबलाखाली नेऊन ठेवला.

लाज चेहऱ्यावर येते असे आपण म्हणतो. जहालला ती हातांत आली. कोपरापर्यंत ताटे पेलून एक थेंबही न सांडणारे आपले दोन्ही हात त्याला त्या क्षणी अश्लील वाटले. ही लाज नवी होती, पण तिला आत येताना वाट विचारावी लागली नाही. इतक्या पाठी त्याने पाहिल्या होत्या. त्यांच्या पुढच्या बाजूला काय काय चालले असेल, हे तिला जणू आधीपासून माहीत होते.

भटारखान्यात आचारी अजून हसत होता. "आज काय टाकलंस रे! पार चुलीपर्यंत हसू आलं."

"त्या माणसाचा हात कापतो."

आचाऱ्याने झारा खाली ठेवला. "तुला काय ठाऊक होतं?"

"बघितलं असतं तर कळलं असतं."

"बघत बसलास तर बोलणार कधी?" आचारी म्हणाला, आणि आपलेच बोलणे न आवडल्यासारखा कढईकडे वळला. "असं कर, माशाचा चांगला तुकडा देतो. त्यांच्यापुढे ठेव, म्हणजे झालं."

"काट्यांचा मासा? तो सोडवायचा कुणी?"

जहालने हातातली ताटे ठेवली, फडक्याला हात पुसले, कोरडे होते तरी पुसले, आणि तो बाहेर आला. त्या टेबलाला वळसा घालून तो समोर उभा राहिला. दालनात कुजबुज झाली. जहाल कधी कुणाच्या समोर उभा राहिलेला नव्हता.

"माफ करा," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही. चुकलं माझं."

मग डावीकडून कुणीतरी टेबलावर थाप मारली. "अरे, जहाल माफी मागतोय! सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज?"

"काका, सांभाळून! ही प्रस्तावना आहे. खरा वार पुढे."

"नाही, खरंच..." जहाल म्हणाला.

"खरंच!" कुणीतरी हुबेहूब त्याच्या आवाजात म्हटले, आणि पुन्हा हशा. दोनतीन फोन वर झाले. तो जे बोले ते ओठांबाहेर पडताच उलटे होऊन लोकांच्या कानांत शिरत होते. वर्षानुवर्षे त्यानेच लोकांना ते तसे ऐकायला शिकवले होते. साधे वाक्य म्हणून त्याच्याजवळ आता एकही उरलेले नव्हते.

"पुरे करा हो आता," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "एकदा बोललात ना?"

"अगं, राहू दे. गंमत आहे." वडील हसले. ते हसू उशिरा आले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ थांबले. ते मुलीसाठी होते. मग त्यांनी जहालकडे मान वर करून पाहिले. "वाक्य मात्र नेमकं होतं हं. शिक्षक होतो मी, नेमकं वाक्य कळतं मला."

शिव्या दिल्या असत्या तर जहालने त्या झेलल्या असत्या. हे पैकीच्या पैकी गुण त्याला घेता येईनात.

थोड्या वेळाने दोघे उठली. वडिलांचे सूप तसेच होते, वर तेलकट साय धरलेले. दोघे दाराबाहेर पडली तेव्हा जहालही मागोमाग निघाला. भर दुपारी, एप्रनसकट तो फुटपाथवर आलेला पाहून रांगेत एकच गलका झाला. "जहाल बाहेर आला!" "अहो, आम्हालाही काही ऐकवा की, मघापासून उन्हात उभे आहोत!"

मुलगी गर्रकन वळली. "आता काय राहिलं?"

"ताई, मी खरोखर माफी मागायला आलोय."

"इथे? इथे कुणी ऐकलं होतं?" तिने हॉटेलच्या दाराकडे बोट केले. "ऐकलं ते तिथे. सगळ्यांनी."

"बेटा, जाऊ दे."

"नाही बाबा." तिचा आवाज अचानक लहान झाला. "तुम्हाला आवडेल म्हणून आणलं मी. मीच आणलं तुम्हाला इथे."

उजवा हात वडिलांनी खिशात घातला होता, आणि खिशाचे कापड आतून हलत होते.

जहाल आत गेला. दालनाच्या मधोमध, जिथून तो रोज फक्त ताटे घेऊन जात असे, तिथे तो थांबला. बापलेक दारात उभी राहिली. गल्ल्यावरून मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. या बाईंच्या सासऱ्यांच्या काळापासून हे दालन या हसण्यावर उभे होते, हे जहालला ठाऊक होते. आपण काय मोडायला निघालो आहोत तेही ठाऊक होते.

"ऐका," तो म्हणाला. "मघाशी मी एका माणसाला बोललो. त्यांचा हात कापतो. मला दिसलं नाही, कारण मी बघतच नाही. बघायचं नाही असंच शिकलोय." तो टेबलांकडे वळला. "पण तुम्ही समोर होतात. तुम्हाला दिसत होतं. तरी हसलात."

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. एका बाईने चमचा ताटलीत ठेवला, हळू, वाजू न देता. ती शांतता आणखी थोडा वेळ टिकली असती तर कदाचित काही झाले असते.

"वा!" खिडकीजवळून आरोळी आली. "आज तर आख्ख्या हॉटेलला धुतलं!"

आणि टाळ्या सुरू झाल्या. टेबलामागून टेबल त्यांत सामील होत गेले. लोक सुटल्यासारखे टाळ्या वाजवत होते. जहाल त्यांच्यामध्ये उभा होता. कुणी थोबाडीत मारल्याने झाला नसता इतका तो त्या टाळ्यांनी लाल झाला.

तेव्हा दारातल्या त्या माणसाने खिशातून हात काढला आणि वर्गाला गप्प करावे तसा वर धरला. तो थरथरत होता. त्याने तो आवरायचा प्रयत्न केला नाही. दाराजवळच्या टेबलांवरच्या टाळ्या मध्येच तुटल्या; कुणी पाण्याच्या पेल्याकडे पाहू लागले, कुणी टेबलाच्या कडेकडे. खिडकीपर्यंत तो हात दिसत नव्हता. तिकडे टाळ्या चालूच राहिल्या.

जहाल दारापाशी पोचला.

"माफी पोचली," वडील म्हणाले. "मला पोचली. बाकीच्यांना पोचायची वाट बघत बसू नका." मुलीने जहालकडे पाहिले नाही. तिने वडिलांचा तो हात आपल्या हातात घेतला, आणि दोघे रस्ता ओलांडून गेली.

"हे असं रोज नको हं," तो गल्ल्याजवळून जाताना मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि ओठांवर हसू. "पण आजचं झकास झालं. लोक खूश आहेत."

त्याने ते टेबल आवरले. थेंब वाळले होते. फडके ओले करून घासावे लागले. लाल डाग गेले तरी ती वाकडी वाट त्याला दगडात दिसतच राहिली.

त्याच खुर्चीवर रांगेतला पुढचा माणूस येऊन बसला. जाडजूड, घामाघूम, खूश. मागे न वळताच तो म्हणाला, "आमच्यासाठी काही शिल्लक ठेवलंय ना हो? लांबून आलोय खास."

जहाल त्याच्या खांद्यामागे उभा होता. मान जरा आखडलेली, कान टवकारलेले. खुर्ची त्याला कशी अपुरी पडते आहे यावरचे वाक्य जिभेवर तयार होते; ते आपोआप तयार झाले होते, आणि चांगले होते. शेजारच्या टेबलांनी बोलणे थांबवले.

तो वळसा घालून समोर आला आणि त्या माणसाकडे त्याने पाहिले. चेहरा वाट पाहत होता; हसू आधीच काढून ठेवलेले. आपल्याकडे कुणी बघते आहे हे लक्षात आल्यावर ते हसू चाचपडले. माणसाने कॉलर नीट केली. शर्ट पोटावर ओढून घेतला. इकडेतिकडे पाहिले. मग कुणी काही म्हणायच्या आधीच, काय लपवायचे ते नीटसे न कळल्यासारखे, त्याने आपले दोन्ही हात टेबलावरून हळूच काढून मांडीवर घेतले.