खिडकीजवळच्या खाटेचं रक्त

‘सांग रे राजा, दुखतंय कुठं?
फुंकर घालते, बस की इथं.’

हा आईचा आवाज. घरात कोणी धडपडलं की हातातलं काम टाकून, ओल्या हातांनी ती धावत यायची आणि हे दोन चरण गुणगुणत शेजारी बसायची. मी लगेच भोकाड पसरायची. नसलेल्या खरचटण्यावरही फुंकर उकळायची. दादा मात्र कुंपणाच्या भिंतीवरून पडला, मनगट सुजून वांग्याएवढं झालं, तरी म्हणाला, ‘‘छे! काही नाही.’’ हाड मोडलं होतं. आई मग प्लास्टरवरच फुंकर घालत राहिली. प्लास्टरला काय कळणार, आणि प्लास्टरच्या आतल्याला तरी काय कळलं!

तोच दादा पुढे डॉक्टर झाला. साऱ्या जगाला ‘कुठं दुखतंय?’ विचारायचा परवाना त्याला मिळाला, आणि स्वतःला कोणी विचारलं की उत्तर तेच, छे! आज आमच्या रुग्णालयात सगळे त्याला ‘मोठे डॉक्टर’ म्हणतात. मी त्याच रुग्णालयाच्या तळघरात रक्त तपासायची लॅब सांभाळते. तो मला ‘सुई’ म्हणतो. लहानपणी अंगानं काडी होते म्हणून हे नाव पडलं, पुढे जिभेमुळे टिकलं.

दादाचं म्हणणं असं, की खऱ्या डॉक्टरला बोटं आणि कान पुरतात. तो वॉर्डात फिरायला निघाला की मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग लागते. तो खोकला तर तेही लिहून घेतील. ‘‘ही माझी लॅब,’’ असं म्हणून तो दहा बोटं हवेत नाचवतो आणि रांग हसते. का नाही हसणार? परीक्षेचे गुण त्याच बोटांतून पडायचे असतात.

यंदा विषाणूचा ताप आला, तो भारी खोडसाळ निघाला. अंग मोडून जायचा आणि जाता जाता एखाद्याच्या हृदयाला चावून जायचा. माणूस ‘बरा झालो बुवा’ म्हणत पिशवी उचलायचा आणि जिन्यात कोसळायचा. हृदयाचा स्नायू दुखावला की त्यातलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. माठाला तडा गेला की बाहेर ओल दिसते, तसं. तडा कशानं गेला हे ओल सांगत नाही. पण ओल दिसल्यावर तो माठ डोक्यावर घेऊन नाचू नये, एवढी अक्कल तरी माणसाला असावी.

म्हणून मी बैठकीत मागणी केली. तापाचा रुग्ण दाखल झाला की हे रक्त तपासा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. आकडा चढत असेल तर त्याला उठू देऊ नका, हृदयावर यंत्राची नजर ठेवा.

‘‘ताप आला, घ्या रक्त. शिंक आली, घ्या रक्त,’’ दादा म्हणाला. ‘‘माणसात थेंबभर तरी ठेवा गं! का तळघरातली चूल थंड पडलीय, सुई?’’

‘‘चूल पेटलेली आहे. तुझी बोटं चव घेईपर्यंत करपतं, एवढंच.’’

रांग हसली नाही. हसावं की नाही, याची आज्ञा अजून आली नव्हती.

शेवटी ठरलं, की वॉर्डातल्या डॉक्टरला वाटलं तरच तपासायचं. वर दादानं आणखी एक शहाणपण काढलं. गर्दी फार आहे, तर रक्ताच्या नळीवर नाव लिहीत बसू नका, खाटेचा नंबर पुरे. मी भांड भांड भांडले. म्हटलं, ‘‘दादा, खाट आजारी पडत नाही, माणूस पडतो. नाव हवं.’’

‘‘खाटेवर माणूसच असतो ना? का भूत झोपतं?’’

आता मात्र रांग पोट धरून हसली.

पुढे काही दिवसांनी त्यालाच ताप आला. वहिनीनं खोलीत कोंडलं म्हणून जेमतेम पडून राहिला आणि ताप उतरायच्या आधी वॉर्डात हजर. ‘‘साधी सर्दी गं, वहिनी तुझी उगाच गाव जागं करते.’’ मी नाक मुरडलं आणि तळघरात उतरले. आमच्या घरात काळजी करायची रीत हीच.

त्या दिवशी सकाळी तो फाटकाशी भेटला. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. हा माणूस थंडीतही बाह्या कोपरावर दुमडून फिरणारा.

‘‘काय रे, नवरदेवा? वरात कुठे?’’

‘‘दुपारी भाषण आहे. वरच्या सभागृहात. ये ऐकायला, तुझ्याच खात्याची अब्रू काढणार आहे. विषय आहे ‘रक्त नको, रुग्ण बघा’.’’

‘‘रुग्णानं दाखवलं तर बघतील ना बिचारे.’’

तो हसला, पण नेहमीसारखा गडगडला नाही. मी मनात म्हटलं, भाषणासाठी आवाज राखतोय, कंजूष.

दुपारी आमचा चष्मेवाला तंत्रज्ञ यंत्रापासून उठून आला. चष्मा कपाळावर गेला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. ‘‘मॅडम, ताप वॉर्डातली खिडकीजवळची खाट. काल ट्रोपोनिन जरा वर होतं. आज पार उडालंय. मी दुसऱ्यांदा लावून बघितलं.’’

मी तिसऱ्यांदा लावलं. यंत्राची चूक असावी असं वाटणं ही आमच्या धंद्यातली प्रार्थनाच. यंत्र चुकलं नव्हतं. कोणाचं तरी हृदय झिरपत होतं, आणि कालपेक्षा कितीतरी जास्त.

आमचा एक नियम आहे. असा आकडा नुसता कागदावर पाठवायचा नाही. फोन करून सांगायचा, आणि ऐकणाऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा. म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मी वॉर्डात फोन लावला. मोठ्या सिस्टरनी उचलला.

‘‘खिडकीजवळच्या खाटेवरच्या पेशंटला उठू देऊ नका,’’ म्हणत मी आकडा सांगितला. ‘‘म्हणा परत.’’

‘‘परत काय म्हणू, मॅडम? त्या खाटेवर कोणी नाहीच. कालच रिकामी झाली. गादी गच्चीत उन्हात टाकलीय.’’

‘‘मग रक्त कोणाचं? भुताचं?’’

हे बोलले आणि आठवलं, भूत हा शब्द दादाचा.

‘‘मोठे डॉक्टर स्वतः नळी घेऊन आले होते,’’ सिस्टर सांगत होत्या. ‘‘कालही, आजही. म्हणाले, मीच काढलंय, खाली पाठवा. कालचा कागदही तेच घेऊन गेले. म्हटलं, भाषणासाठी हवा असेल.’’

‘‘बाह्या खाली होत्या?’’

‘‘अय्या, हो! तुम्हाला कसं कळलं?’’

मला कसं कळलं! जगाला ‘रक्त नको’ म्हणणारा शहाणा चोरासारखा रिकाम्या खोलीत बसून, स्वतःच्या दंडाला दातांनी पट्टी आवळून रक्त काढतो. बहिणीच्या लॅबमध्ये रिकाम्या खाटेच्या नावानं पाठवतो. नाव लिहायचं नाही हा नियमही त्याचाच. कालचा आकडा वाचून, खिशात घालून, आज हा चढत निघालाय तो सर्वांत वरच्या मजल्यावर. जिन्यानं. कारण लिफ्ट, मोठ्या डॉक्टरांच्या मते, सामानासाठी असते.

मी सिस्टरना म्हटलं, ‘‘चाकांची खुर्ची घेऊन जिन्यापाशी या. हृदयविभागात सांगून ठेवा. धावा.’’ आणि मी, त्याची सख्खी बहीण, सामानासारखी लिफ्टनं गेले. मधल्या मजल्यावर उतरून जिन्यात कान दिला. खालून आवाज आला.

‘‘सांगा बरं, नाडी अडखळते म्हणजे नेमकं काय होतं?’’

कोणीतरी चाचरत उत्तर दिलं. पावलं. पुढच्या वळणावर पुन्हा थांबणं, पुन्हा प्रश्न. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. प्रत्येक वळणावर तो प्रश्न विचारत होता आणि रांग उत्तर शोधत असताना, भिंतीला खांदा लावून, श्वास गोळा करत होता. इतक्या हुशार पोरापोरींना एवढं दिसत नव्हतं. ती खाली माना घालून लिहीत होती.

मी दोन पायऱ्या एकदम उतरत त्याच्यासमोर उभी राहिले.

‘‘अरे वा, सुई! आलीस अब्रू वाचवायला?’’ ओठांभोवती त्याचा रंग राखेसारखा होता.

‘‘नियमानं आलेय. खिडकीजवळच्या खाटेचा आकडा द्यायचाय.’’ मी आकडा सांगितला. मोठ्यानं, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असा. ‘‘म्हण परत.’’

‘‘वॉर्डात कळव. माझं भाषण आहे.’’

‘‘वॉर्डात कोणी नाही. खाटेवरचं भूत जिना चढतंय. परत म्हण, दादा.’’

पेनं थांबली. माना वर आल्या. रांगेनं बहुधा पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

‘‘छे!’’ तो म्हणाला. ‘‘एका आकड्यावरून...’’

‘‘एका नाही. कालचा तुझ्या खिशात आहे. तूच शिकवतोस ना यांना, रुग्ण बघा म्हणून? मग बघू दे की. एवढा मोठा रुग्ण फुकटात मिळतोय!’’ माझा आवाज चिरकला. ‘‘दातांनी पट्टी आवळलीस, पण मला हाक मारली नाहीस. मी सुई ना? सुई कशासाठी असते रे, मुडद्या?’’

त्यानं कठडा धरला. दुसरा हात आपोआप छातीकडे निघाला, वाटेत सावरला आणि बटणाशी चाळा करू लागला. भिंतीवरून पडला होता तेव्हा मनगट असंच पाठीमागे लपवलं होतं त्यानं.

खालून खुर्चीची चाकं खडखडली. मोठ्या सिस्टर आणि दोन वॉर्डबॉय ती उचलून वळणावर घेऊन आले. दादानं खुर्चीकडे पाहिलं, ती काही सामानच असावी तसं. मग रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा एखादा विनोद करेल, सगळी हसतील आणि हा वर चढू लागेल.

मी पायरीवर, धुळीत, बसले. मान वर करून विचारलं. चाल आईची लागली होती, ते मला आधी कळलंही नाही.

‘‘सांग रे राजा, दुखतंय कुठं?’’

तो खुर्चीत बसला. बसताना हलकं कण्हला. बाहीचं बटण काढायला गेला, जमेना, मी काढून दिलं. कोपराच्या खळगीत कापूस तसाच चिकटलेला होता. त्यानं बोट उचललं आणि छातीच्या मधोमध ठेवलं.

‘‘इथं,’’ तो म्हणाला. ‘‘ताप आल्यापासून दुखतंय गं.’’

खुर्ची हलली. त्यानं माझं मनगट धरलं, नाडीसाठी नव्हे.

‘‘आणि तेव्हाही दुखलं होतं. फार दुखलं होतं. आईला सांगितलंच नाही मी.’’