रेघा आखलेलं पान

डॉक्टर मृणालिनी काळे एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की हात धुऊनच लागत. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींनी त्याचा धसकाच घेतला होता. रिटायर झाल्यावर त्या लागल्या एका मेलेल्या माणसाच्या मागे.

इलायजा हार्टवेल हा अमेरिकन पाद्री नगर जिल्ह्यात बारा वर्षं राहिला. मोडी लिहायला शिकला, मुलींची शाळा काढली. बाईंची खापरपणजी त्याच शाळेत अक्षरं गिरवायला बसली आणि पुढे अख्खं घर शिकलं. मायदेशी परतून तो मिनेसोटातल्या एका गावात स्थिरावतो न स्थिरावतो तोच यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरी नुसत्या प्रवचनांनी जाणार नाही, असं म्हणून हा गडी घोडदळात कॅप्टन झाला. एका चकमकीत नाहीसा झाला, प्रेतही मिळालं नाही. आदल्या रात्रीच तो छावणीतून पळाला, असं एका अधिकाऱ्याने कळवलं आणि गावच्या स्मारकावरून त्याचं नाव गळालं. आता स्मारकाचा दगड नव्याने कोरायचा होता. नावांची यादी गुरुवारी पक्की होणार होती.

त्याची मोडी डायरी गावच्या म्युझियममध्ये होती. तिचे स्कॅन मागवून बाईंनी शेवटपर्यंत वाचले. शेवटची नोंद लढाईच्या आदल्या दिवसाची, तीही घोड्याच्या नालांबद्दल.

"अगं, सोड आता," बाईंचे यजमान गुरुनाथ म्हणाले. "त्या माणसाला काय फरक पडणार आहे?"

"मला पडतो. आमच्या बायकांच्या हातात ज्याने लेखणी दिली, त्याला मी पळपुटा म्हणू देणार नाही. मला मूळ डायरी बघायचीय. गाडी काढा."

म्युझियममधल्या बाई म्हणाल्या, कोरी पानं आम्ही स्कॅनच केली नाहीत. मृणालिनीबाईंनी शेवटच्या नोंदीनंतरचं पान उलटलं. वर हार्टवेलच्या अक्षरात लढाईच्या दिवसाची तारीख होती. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा रेघा. एकही अक्षर नाही. पुढच्या पानांवर रेघाही नव्हत्या. बाईंचे डोळे भरून आले.

गुरुवारी म्युझियमने मूळ डायरी स्मारक समितीपुढे आणून ठेवली आणि समितीच्या अध्यक्षांनी बाईंना पाच मिनिटं दिली. कोऱ्या पानाने काय सिद्ध होतं, असंही विचारलं.

बाईंनी एक कागद घेतला, वर त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली शांतपणे रेघा आखू लागल्या. एक, दोन, तीन. कोणी चुळबुळ केली, कोणी घड्याळ पाहिलं. बाईंचा हात थांबला नाही. अकरावी रेघ संपत आली तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, वेळ संपली."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मोडी लिहिणारा आधी रेघा आखतो, मग त्यांना अक्षरं लटकवतो. हार्टवेल लिहायला बसेल त्या दिवशीच, त्या दिवसापुरत्या आखायचा. लढाईच्या सकाळी तो छावणीतच होता. रेघा आखून झाल्या आणि तुम्ही आत्ता मला थांबवलंत, तसं त्याला कोणीतरी बोलावलं. तो उठून गेला."

अध्यक्षांनी तो कागद डायरीच्या पानाशेजारी ठेवला. मग यादी जवळ ओढली आणि सगळ्यांत खाली स्वतःच्या हाताने हार्टवेलचं नाव लिहिलं.