माझ्या पोटाखालचा लाल गोल

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे, काचवाल्याची पिकअप. सध्या भंगाराच्या आवारात एका मोडक्या क्रेनशेजारी उभी आहे. कधीकाळी मी निळी होते. आता धुळीखाली कुठला रंग उरलाय ते मलाच सांगता येत नाही. इथे ओढून आणताना उजवा दिवा फुटला, दार निखळलं, ते दोरीने बांधलंय. हे सगळं तुम्हाला लांबूनही दिसेल. पण माझी खरी गोष्ट बघायची तर खाली वाकावं लागेल. माझ्या पोटाखाली लाल पेन्सिलीने काढलेला एक गोल आहे. तो माझ्या मालकांनी स्वतःच्या हाताने काढलाय. का काढला, तेच आज सांगते. उद्या सकाळी मला कापायला माणूस येणार आहे, तेव्हा फार आढेवेढे घेत नाही.

माझ्या जन्माची कथा थोडक्यात आटोपते. कारखान्यात शंभर हातांनी मला जोडलं, रंगवलं आणि बाहेर ढकललं. एवढंच ध्यानात ठेवा, की माझा सगळा भार दोन लांब लोखंडी तुळयांवर असतो. त्यांना चासी म्हणतात. तुमच्या पाठीचा कणा, तशी माझी चासी. बाकी पत्रा काय, आज आहे उद्या नाही.

मला घेतलं ते खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांच्या दोन मुली त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. त्यांनी माझ्या हौद्यात एक लाकडी घोडी बसवली. घोडी म्हणजे दोन बाजूंनी उतरती चौकट. काच आडवी टाकून नेत नाहीत, घोडीला टेकवून तिरकी उभी नेतात. आडवी नेली तर ती स्वतःच्याच वजनाने मोडते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि काचेबद्दल जरा आदरच वाटला.

बाबांच्या कानामागे कायम एक मेणाची लाल पेन्सिल असायची. माल आला की प्रत्येक काच ते उजेडात धरत, बोट फिरवत. कुठे केसाएवढी चीर दिसली की पेन्सिल काढून तिच्याभोवती गोल काढत आणि काच बाजूला ठेवत. तो गोल म्हणजे शेवटचा शब्द. गोल काढलेली काच त्यांच्या दुकानातून कधीच कुठल्या खिडकीत गेली नाही. एकदा एक गिऱ्हाईक अडून बसलं, "अहो मिस्त्री, कोपऱ्यातच तर आहे. पुट्टी लावा, कोण वाकून बघणार आहे?" बाबा म्हणाले, "खिडकीखाली कुणी झोपत असेल ना? बघणाऱ्यासाठी नाही, झोपणाऱ्यासाठी गोल काढतो मी." गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं. बाबांनी तो तोटा मुकाट्याने सोसला.

अशी आमची बरीच वर्षं गेली. शाळा, दवाखाने, चहाची दुकानं, किती ठिकाणच्या काचा मी पोचवल्या! "मिस्त्रींची गाडी म्हणजे पाळणा," असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

थोरली मुलगी शिकून लांब गेली. धाकटी मात्र माझ्याच सीटवर वाढली. पुढे तीच बाबांच्या हाताखाली आली. दुकानात सगळे तिला धाकटी म्हणत, वयाची तिशी आली तरी धाकटीच. तिचा हात चलाख, हिशेब तोंडावर, आणि उरक असा की विचारू नका. फक्त धीर नव्हता.

कामाला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बाबा मापं घ्यायला गेले होते. धाकटीने तीन फेऱ्यांचा माल एकाच फेरीत भरला. माझे पाटे, म्हणजे चाकांवर भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वाकून पार सपाट झाले. मला काही बोलता येत नाही, नाहीतर तिथेच सांगितलं असतं, "अगं बाई, जरा दमानं!" वाटेत बाबा गाडीत बसले. माल पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण चार लोकांत लेकीला काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले. आणि रुळांच्या फाटकावर, उतार उतरताना, माझ्या पोटात कट् असा आवाज झाला.

धाकटीला तो ऐकू आला नाही. ती खुशीत होती. "बघितलंत बाबा? दोन फेऱ्यांचं डिझेल वाचवलं!" बाबांनी मात्र ऐकला होता. एकही काच फुटली नव्हती. फुटले होते मी.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच मला वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेले. चासीला आडवी चीर गेली होती. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. बराच वेळ ती हातात धरून बसले आणि परत कानामागे ठेवली. वेल्डिंगवाल्याने चीर भरली, वरून काळा रंग मारला. घरी येऊन बाबांनी सांगितलं, "पाटा बदलून आणला." धाकटी नुकती कामाला उभी राहत होती. पहिल्याच वर्षी तिच्या हातून गाडी मोडली असं तिला कळू द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. जन्मभरात बाबांनी लपवलेली ती एकच चीर.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर कधी निम्म्याहून जास्त माल भरू दिला नाही. जिथे एक फेरी पुरायची तिथे दोन होऊ लागल्या. कामं उशिरा जाऊ लागली, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. धाकटी चिडायची. "बाबा, वय झालंय तुमचं. उगाच घाबरता." बाबा ऐकून घेत. एकदाही उलटून बोलले नाहीत. मला मात्र वाईट वाटायचं.

अशी चार वर्षं गेली आणि एका मोठ्या इस्पितळाचं काम चालून आलं. जाड, दुहेरी काचा. एकेक काच उचलायला चार माणसं लागावीत अशी. अट एकच होती, महिन्याभरात दणकट, जास्त भाराची गाडी दारात हवी. काम मिळालं तर दुकान सावरणार होतं. नाही मिळालं तर दुकानाला कुलूप, आणि वीस-वीस वर्षं काच धरून हाताला घट्टे पडलेले दोन म्हातारे कारागीर घरी. नवी गाडी घ्यायलाच हवी होती. जवळची पुंजी आणि बदल्यात मला देऊन येणारी किंमत, एवढीच धाकटीची ताकद होती.

मित्रांनो, सौदा कसा करावा ते धाकटीकडून शिकावं. एका शोरूमचा भाव ऐकून ती कधी भुलली नाही. तीन शोरूममधून लेखी दरपत्रक आणलं. महिन्याचा हप्ता किती ते नंतर सांगा, आधी गाडीची पूर्ण किंमत बोला, असं ती ठणकावून सांगे. शोरूमवाल्यांना महिन्याअखेरीस विक्रीचा आकडा गाठायचा असतो, हे हेरून ती महिन्याच्या शेवटच्या दिवसाची वाट बघत थांबली. मला तिने घासूनपुसून, पॉलिश करून लख्ख केलं. इतक्या वर्षांनी अंगाला साबण लागला. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी चांगला मालक भेटेल.

त्या दिवशी बाबाही बरोबर आले. शोरूमच्या मागच्या आवारात मला उभं केलं. शेजारीच ती नवी पिकअप उभी होती, पांढरी, रुंद छातीची. विक्रेता असा गोडबोल्या, की साखर लाजावी. "मॅडम, घरचंच शोरूम समजा." धाकटीने सीटकव्हर नको, पॉलिशची हमी नको, म्युझिक नको, असं एकेक कलम खोडून टाकलं. मग त्यांचा तपासनीस आला. त्याने बॉनेट उघडलं, टायर दाबले, विजेरीचा झोत टाकून खाली डोकावला, आणि काळा रंग बघून उठला. "गाडी ठेवलीय छान," तो म्हणाला, आणि माझी जी किंमत बोलला ती ऐकून धाकटीचे डोळेच चमकले. जमलं होतं. बरोबर तेवढेच पैसे हवे होते.

धाकटीने सही करायला पेन उघडलं. इतक्यात बाबांनी विचारलं, "ही गाडी पुढे कुणाला देणार तुम्ही?"

"देऊ कुणातरी गरजूला," गोडबोल्या म्हणाला. "भाजीवाला म्हणा, सामान वाहणारा म्हणा. आहेच रांग लागलेली."

त्या वयात गुडघे टेकून बाबा जमिनीवर बसले, मग आडवे झाले आणि माझ्या खाली सरकले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी त्या काळ्या रंगावर, चिरेभोवती, पूर्ण गोल काढला.

काय सांगू तुम्हाला! ती पेन्सिल अंगाला लागली आणि मी शरमेने अर्धी झाले. सतरा वर्षं ज्यांचं ओझं वाहिलं, त्यांनीच मला फुटक्या काचांच्या रांगेत उभं केलं. मला त्यांचा फार राग आला.

"बाबा, काय करताय?" धाकटी ओरडली.

"चासीला चीर आहे. वेल्डिंग केलेलं आहे," बाबा खालूनच म्हणाले. "आपण निम्माच माल भरतो, म्हणून टिकली. घेणारा निम्माच भरेल कशावरून? तो पोराबाळांना बसवून नेईल."

माझा राग तिथेच गळून पडला. बाबांना माझी लाज वाटत नव्हती. माझ्यामुळे कुणाच्या घरावर संकट येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

तपासनीसाने परत खाली बघितलं, नख लावून रंग खरवडला आणि मान हलवली. माझी किंमत क्षणात भंगाराच्या भावावर आली. धाकटीने पेन मिटलं. "चीर कधीची?" तिने हळू आवाजात विचारलं.

बाबा खालून बाहेर आले आणि कपडे झटकत राहिले. "जुनी आहे."

"बाबा, कधीची?"

"फाटकावरची."

तीन फेऱ्यांचा माल, पाट्याची थाप, निम्मा माल, चार वर्षांची बोलणी, सगळं धाकटीच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिलं. तिचे डोळे भरले. "मला एकदा तरी बोलायचं होतंत हो," ती म्हणाली. "मी तुम्हाला घाबरट म्हणत होते."

"बोलायला हवं होतं," बाबा म्हणाले. "चूक माझीच. गोल तेव्हाच काढायचा होता."

धाकटीने डोळे पुसले, बाबांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि गोडबोल्यापुढे धरली. "आमच्या मालाची चीर आम्ही दाखवली. आता तुमच्या मालाची तुम्ही दाखवा. नसेल तर नाही म्हणा, आम्ही उठतो."

गोडबोल्या हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या धुळीने माखलेल्या पाठीकडे. मग पेन्सिल घेऊन त्याने नव्या गाडीच्या टायरवर गोल काढला. "गेल्या वर्षीची बनावट आहे. चौदा महिने इथेच उन्हात उभी आहे. टायर आणि बॅटरी बदलून द्यायला हवी." मग दरपत्रक ओढून त्याने तीन ओळींभोवती गोल काढले. "हे चार्ज सक्तीचे नाहीत. कुणी विचारत नाही, म्हणून लावतो आम्ही." त्याचा आवाज पहिल्यांदाच साधा वाटला.

तो आत जाऊन साहेबांशी बराच वेळ भांडला. गेल्या वर्षीच्या गाडीचा भाव उतरला, तीन ओळी उडाल्या, टायर आणि बॅटरी नवी मिळाली. तरीही थोडी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा धाकटीने गेल्या वर्षीच्याच गाड्यांपैकी सर्वांत साधी मागितली, काचा हाताने फिरवून खाली घ्यायची. "काचवाल्यांना काच फिरवायचा कसला आलाय कंटाळा!" ती म्हणाली, आणि रडून लाल झालेल्या चेहऱ्याने हसली. सही झाली. इस्पितळाचं काम मिळालं.

मला मात्र भंगारवाल्याकडे यावं लागलं. घोडीचे बोल्ट गंजून बसले होते, ते इथल्याच कटरने निघणार होते. आज सकाळी धाकटी आणि बाबा नवी गाडी घेऊन घोडी न्यायला आले. ती पेन्सिल आता धाकटीच्या कानामागे असते. घोडी नव्या हौद्यात चढवण्याआधी ती विजेरी घेऊन नव्या गाडीखाली शिरली आणि दोन्ही तुळयांवरून बोट फिरवून बाहेर आली. रोज करते म्हणे.

मग ती माझ्याजवळ आली. माझ्या पोटाखालचा गोल धुळीने पुसट झाला होता. तिने तो पुन्हा ठळक केला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "काका, हिची चासी कुणाला विकू नका हं. कुणी कितीही देऊ दे. कापूनच टाका." तिचा एक हात माझ्या दारावर होता, तो तिने बराच वेळ काढला नाही.

मित्रांनो, मरणाचं भय सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटतं. पण एक सांगते. तुमच्याकडचं यंत्र असो की माणूस, त्याच्यावर झेपेल एवढाच भार टाका. आणि कुठे चीर गेलीच, तर प्रेमापोटीसुद्धा तिच्यावर काळा रंग मारू नका. वेळेवर गोल काढला असता, तर बाप-लेकीची चार वर्षं गैरसमजात गेली नसती.

निघताना धाकटीने नवी गाडी सुरू केली आणि बाबांना विचारलं, "आज किती माल भरायचा?"

"गाडी नवी आहे, पूर्ण भर," बाबा म्हणाले.

"तुम्ही आधी बघा," ती म्हणाली, "मग भरते."