न दिलेला राजीनामा

तिने कात्रीचं चित्र मास्तरांसमोर धरलं. मास्तरांनी हवेत दोन बोटं कात्रीसारखी चालवली आणि ठामपणे म्हणाले, "बटण."

चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या मास्तरांची वाचा पक्षाघाताने गेली होती. चार महिन्यांत तिने त्यांना पाचसहा शब्द परत मिळवून दिले होते. त्यातला लाडका 'बटण'. चहा बटण, खिडकी बटण, तीही बटणच.

"सोमवारपासून या शिकवतील तुम्हाला," तिने शेजारी बसलेल्या धाकट्या सहकारी मुलीकडे हात केला. अखंड बडबडीमुळे रुग्णालयाचा सगळा वाचोपचार विभाग त्या मुलीला चिमणी म्हणायचा. मास्तरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर चिमणीने विचारलं, "ताई, घरी सांगितलंत?"

"आज सांगणार. चाटच पडेल तो."

राजीनामा तिने सकाळीच विभागाच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला होता. त्याआधी महिनाभर मात्र ती नवऱ्याशी वाद घालत होती. तो चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर. परदेशातल्या एका वेधशाळेने त्याला मोठ्या दुर्बिणीचा आरसा घासायला बोलावलं होतं.

"तिथं मी काय करू?" ती म्हणायची. "माझं काम म्हणजे माझी भाषा. तिथल्या माणसांना मी कुठले शब्द शिकवणार?"

तो गप्प बसायचा. तो गप्प बसला की तिला जिंकल्यासारखं वाटायचं.

परवा ती लवकर घरी आली. दार अर्धवट उघडं होतं. खुर्च्या भिंतीला सारून तो गुडघ्यांवर रांगत फरशीवर सुतळीने आरशाएवढं वर्तुळ मांडत होता. निम्मंही झालं नाही तोच भिंत आली. सुतळीचं टोक हातात धरून तो तसाच बसून राहिला. ती पावलं न वाजवता जिना उतरली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. परत येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

आज ती घरी पोचली तेव्हा तो ओट्यापाशी कांदा चिरत होता.

"अगं, बस आधी. एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय."

"आधी माझं. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. दुपारीच." तो हसला. डोळ्यांतलं पाणी त्याने बाहीने पुसलं. "हा कांदा! महिनाभर तुझ्या जिवाला घोर लावला ना मी? संपलं आता."

तिने खांद्यावरची पर्स काढली नाही.

"परत कळवता नाही येणार?"

"आता कसलं? त्यांनी लगेच आमच्या कारखान्यातल्या दाढीवाल्याला विचारलं. तो तर उड्याच मारतोय." त्याने सुरी खाली ठेवली. "तू काय सांगत होतीस?"

"काही नाही. मास्तर आज कात्रीलाही बटण म्हणाले."

तो खळखळून हसला, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या बाईंकडे राजीनामा परत मागितला. कागद अजून पुढे गेला नव्हता.

"मन बदललं वाटतं?"

"ते आधीच बदललं होतं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून तिथल्याच टोपलीत टाकली.

दोन वर्षांनी दाढीवाला सुट्टीवर आला. रविवारी दुपारी त्याने दोघांना जेवायला बोलावलं आणि फोटो दाखवले. एवढा थोरला आरसा, त्याच्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथा पडून काम करणारा दाढीवाला. नवरा एकेक फोटो मोठा करून पाहत राहिला. पूड कुठली वापरता, खोली किती गार ठेवता, किनार कशी सांभाळता. त्याच्या ताटातली आमटी गार झाली.

परतताना दोघं रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा तो म्हणाला,

"एक विचारू? खरं सांगायचं."

"विचार."

"मी तेव्हा हट्ट धरला असता, तर आली असतीस?"

तो समोरच्या गाड्यांकडे पाहत होता. तिने त्याच्या शर्टाची उलटी राहिलेली कॉलर सरळ केली.

"नसते आले," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. खांदे जरासे सैल झाले.

"मग ठीक केलं," तो म्हणाला, आणि वाट मोकळी होताच भराभर चालू लागला. त्याला गाठायला तिला जवळजवळ पळावं लागलं.