कालिंदीआत्याच्या घराची यादी

कालिंदीआत्या वारली त्या दिवसापासून तिचं घर रोज सकाळी एका खोलीने वाढू लागलं. माझी काही तक्रार नव्हती. पस्तीस वर्षं मी दोन खोल्यांत तिच्या घोरण्याशेजारी झोपले आहे. अडचण एवढीच, की कोर्टातल्या अर्जाला घराची पूर्ण यादी जोडावी लागते, आणि यादी पुरी झाली तरी घर पुरं होत नव्हतं.

घर आत्याने मृत्युपत्रात मला दिलं होतं. पण बोधले वकील म्हणाले, शुक्रवारी पाचच्या आत अर्ज पडला नाही, तर शनिवारी माझा चुलतभाऊ जयवंत कुलूप लावणार. कुलूप त्याने आणलंही होतं, चांगलं पितळी. मला घर हवं होतं. दुसरीकडे कसं राहतात, हेच मला ठाऊक नाही.

सोमवारी टेलिफोन एक्स्चेंज निघालं. आत्या बार्शीच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिने जोडून दिलेले सगळे कॉल तिथे अजून चालू होते. एक बाई बहिणीला लोणच्याचं प्रमाण सांगत होती. मी ते उतरवून घेतलं आणि यादीत लिहिलं, 'खोली एक, बोलती.' मंगळवारच्या खोलीत समुद्र होता. आत्याने तो कधी पाहिला नव्हता, त्यामुळे पाणी गोड होतं. मी आधी पाय बुडवून बसले, मग मोजायची टेप लावली. बुधवारी नुसती गच्ची निघाली, तीही तळघरात. यादी सात पानांवर गेली. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

गुरुवारच्या खोलीत आत्याच बसली होती, सुपारी कातरत.

"लिही की," ती म्हणाली. "आत्या, नग एक, वापरलेली."

मी तिला मिठी मारली आणि पोटभर रडले. मग चहा झाला. चहा पिताना मी तिला खरी पंचाईत सांगितली. मयताला ओळखणारे दोन साक्षीदार लागत होते. गिरणीवाले हुसेनभाई तयार होते, पण तिच्या वयाचं दुसरं कुणी गावात उरलं नव्हतं.

"एवढंच ना? मी येते," ती म्हणाली. "माझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

शुक्रवारी आम्ही तिघं कोर्टात गेलो. बोधले वकिलांनी आत्याचं आधार कार्ड तेवढं पाहिलं. हुसेनभाईंनी सही केली आणि ते गिरणीवर परतले. कारकुनाने आत्याला विचारलं, मयताला किती वर्षं ओळखता? जन्मल्यापासून, ती म्हणाली, आणि हट्टी होती हेही घ्या. त्याने तेही घेतलं.

"इथे सही. पूर्ण नाव."

आत्याने सावकाश 'कालिंदी' लिहिलं. तिच्या बांगड्या मनगटातून निसटून टेबलावर पडल्या. तिने 'शंकर' लिहिलं. मी तिचा कोपर धरला होता. माझ्या मुठीत नुसती ब्लाउजची बाही उरली. पेन मात्र कागदावर उभं होतं आणि आत्याचा चेहरा खुशीत होता.

"हलकं वाटतंय गं," ती म्हणाली.

पाचाला दोन मिनिटं कमी होती. कारकुनाने शिक्का शाईवर दाबला आणि हात वर धरून तो थांबला. पेन थोडं उचललं गेलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"आडनाव घालू ना, चारू?"