फिकट करडं बटण

ऑफिसात त्याला बारीकराव म्हणत, आणि गंमत म्हणजे ते नाव त्याला कौतुकाचं वाटे. लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवरच्या बटणांचे रंग, सावल्या, गोलाई, सगळं त्याच्या हातचं. एखादा कोपरा अंमळ जास्त गोल झाला तर याला जेवण जायचं नाही. अहो, देवानं माणसाचं नाक घडवताना इतका विचार केला नसेल!

त्यातलं लाडकं बटण म्हणजे ‘माझं नाव काढा’. मालकाला आलेलं माणूस जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून बारीकरावानं ते पांढऱ्यावर फिकट करडं केलं, असून नसल्यासारखं. शेजारी टपोरं, हिरवंगार ‘पुढे जा’. घाईतलं बोट तिथेच पडणार, आणि नाव निघायचं सोडून ‘अजूनही उत्सुक’ असा शिक्का घेऊन यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसणार. मालकानं भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली होती.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिचं नाव तिथे दादानंच हौसेनं घातलेलं. ती ते काढायला गेली आणि तिचंही बोट हिरव्यावर पडलं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्या मुलाच्या आईचा फोन आला, “आमच्याकडे हो म्हणायचं आणि तिकडे वेबसाइटवर ‘अजूनही उत्सुक’ म्हणून स्थळं बघायची? हे लग्न आता राहू द्या.”

बहीण रडून रडून लाल झाली. “दादा, मी नाव काढायलाच गेले होते रे!”

“तू नीट वाचलं नसशील.”

जित्याची खोड, दुसरं काय!

“वाचलं नाही? तू वाचू देतोस का कुणाला? चल, त्यांच्या घरी येऊन सांग.”

नवऱ्या मुलाच्या घरी बारीकरावानं फोन सगळ्यांसमोर धरला. “चूक तिची नाही. हे बटण कुणाला सापडू नये म्हणून मीच मुद्दाम असं केलंय.”

मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “म्हणजे माणसं फसावीत म्हणूनच?”

‘वापरणाऱ्याचा अनुभव’ वगैरे जड शब्द त्याच्या जिभेवर आले होते. बहिणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून त्यानं ते गिळले.

“हो.”

मुलाची आई उठून बहिणीशेजारी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. “मुलीबद्दल आमची काही तक्रार नाही हो,” ती बारीकरावाकडे बघत म्हणाली. “चौकशी राहिली ती भावाची.”