फाडणारे, कापणारे, विणणारे

“उघडा कटर होता टेबलावर. मुलांच्या टेबलावर. उघडा!” शिबिराच्या संचालक बाई दारातूनच म्हणाल्या. “कोणाचं बोट गेलं असतं तर पालकांना काय तोंड दाखवणार होते मी?”

“ताईनं ठेवला असेल. चुकून,” मी म्हणाले.

“तेच म्हणतेय. मला तुमच्या ताईंबद्दल आदर आहे हो. मी स्वतः लहानपणी त्यांच्याकडेच शिकले. पण उद्यापासून त्यांना लहान गटात बसवा. तिथे कात्री नाही, कटर नाही, काही नाही. जमत नसेल तर घरी ठेवा.”

घरी ठेवा म्हणे! घरी आहे कोण? आम्ही दोघी बहिणी, झालं. मी इथे आल्यावर तिला काय कपबश्यांसारखी कपाटात ठेवून येऊ? ही असली उत्तरं मला समोरचा माणूस निघून गेल्यावरच सुचतात. एरवी माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध आहे, पण तेव्हा नुसती मान हलवली. बाई बरोबर बोलत होत्या, आणि त्याचाच जास्त राग आला.

या उन्हाळी शिबिरातला हस्तकलेचा वर्ग ताईनंच उभा केला. मी तिच्या हाताखाली लागले ती तिथेच राहिले. मुलं मला बाई म्हणतात आणि तिला मोठ्या बाई. गटांची नावंसुद्धा तिचीच. लहान गट म्हणजे फाडणारे, त्यांनी रंगीत कागद बोटांनी फाडून चिकटवायचा. मधले कापणारे, त्यांना कात्री आणि पुठ्ठा. मोठे विणणारे, त्यांना भिजवलेला वेत आणि टोपली. पण कोणी कुठे बसायचं हे ती वयावरून ठरवायची नाही, काम बघून ठरवायची. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं काम हातात घेऊन उलटंसुलटं बघायची आणि सांगायची, ही वर, हा खाली. एखादी चिमुरडी कात्री घेऊन वर जायची आणि मिसरूड फुटलेला घोडा खाली कागद फाडायला. घरचे भांडायला यायचे, मुलं रडून आकांत करायची. ताई बधायची नाही. “चुकीच्या गटात बसवलं की पोर दिवसभर स्वतःला नालायक समजतं,” म्हणायची. “खाली बसून निदान काहीतरी पुरं तरी करेल.”

मागच्या वर्षापासून तिचं विसरणं वाढलं. यंदा ती माझ्याबरोबर शिबिरात आली आणि सरळ विणणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन टोपली करायला बसली. मुलांना वाटलं, मोठ्या बाई शिकवायला बसल्यात. मी मात्र तिच्या पुढ्यातल्या टोपलीच्या काड्या मोजल्या. टोपलीच्या उभ्या काड्या विषम संख्येत लागतात. वेत एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून असा फिरवत नेला की पुढच्या फेरीत तो आपोआप उलट पडतो आणि वीण घट्ट बसते. काड्या सम घेतल्या तर प्रत्येक फेरी आधीच्या फेरीसारखीच चढत जाते. दिसायला टोपली, पण धरून ठेवणारं काही नाही. ताईनं सम काड्या घेतल्या होत्या. ताईनं! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी “विषम” म्हणणारी बाई ती.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिची टोपली कपाटामागे दडवायचे आणि सकाळी तिच्यापुढे नवा वेत ठेवायचे. तिला आदल्या दिवशीचं काही आठवायचं नाही. शिबिर संपेपर्यंत निभेल, असं मी धरून चालले होते. त्यानंतर काय, हे स्वतःला विचारायची माझी छाती नव्हती.

त्या दुपारी मुलं गेल्यावर मी तिच्याजवळ स्टूल ओढलं.

“ताई, जरा बोलायचं होतं.”

“बोल की. तोंड का असं केलंयस? कोणी मेलं काय?”

“नाही गं. उद्यापासून तू लहानांकडे बसशील का?”

“का? तुला झेपत नाहीत वाटतं? सांगितलं होतं, लहानांवर ओरडून चालत नाही. तुझा मेलीचा आवाजच तसला.”

“हो, नाही झेपत,” मी म्हणाले. खोटं बोलायची वाट तिनंच करून दिली म्हणून क्षणभर हायसं वाटलं.

“आणि इथे विणणाऱ्यांना कोण बघणार? तू एकटी? छे, ते काही नाही. मी इथनं हलणार नाही.”

ती तरातरा वेत आणायला कपाटाकडे गेली. मी उठेपर्यंत तिनं मागच्या फटीत हात घालून टोपली बाहेर ओढलीसुद्धा. कालची. तिनंच केलेली.

तिनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. टोपली उलटी केली, काड्यांवरून बोट फिरवलं. कितीतरी महिन्यांत मी तिला असं बघताना पाहिलं नव्हतं.

“हे कोणाचं?”

मी टोपली घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही.

“काड्या सम आहेत.” तिनं वेताचं टोक धरून ओढलं तशी सगळी वीण वर निघून आली. “कोणी नवीन आलंय?”

“नवीन नाही.”

“मग दडवतेस कशाला? दया आली होय? अगं, हे पोर रोज इथे बसत असणार आणि रोज त्याचं हे असं होत असणार. त्याला काय वाटत असेल? खाली ने त्याला.”

“कात्रीवर?”

तिनं पुन्हा टोपलीकडे पाहिलं. ताई, मधल्या गटात तरी ठेव गं, मी मनातल्या मनात म्हणत होते.

“नाही. टोकं बघ, कापलीत की चावलीत? कात्रीसुद्धा नको. फाडायला बसव.”

मला रडू आवरेना.

“तू कशाला रडतेस? रडेल ते पोर. रडू दे. पण एकटं पाठवू नकोस, स्वतः हात धरून ने. आणि वाटेत समजावत बसू नकोस, त्यानं जास्त लागतं. नुसतं ने आणि बसव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात मी तिचा हात धरला.

“कुठे नेतेयस?” तिनं विचारलं.

मी काही समजावलं नाही. विणणाऱ्यांच्या दाराशी ती थबकली. आत मुलं वेत घेऊन बसली होती. ती बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याबरोबर पुढे चालू लागली. रडली नाही.

फाडणारे चटईवर गोल करून बसले होते. एका मुलीनं सरकून जागा दिली. ताईला खाली बसायला वेळ लागला. मी सगळ्यांना कागद वाटत तिच्यापर्यंत आले आणि तिलाही एक निळा कागद दिला. तिनं तो दोन्ही हातांत नीट धरला, वर माझ्याकडे पाहिलं.

“फाडू, बाई?” तिनं विचारलं.

“हो, फाड,” मी म्हणाले.